‘किती गोड!’ म्हणू नका

कम्युनिटी डान्सला, म्हणजे कधीही नाच न शिकलेल्या साध्या माणसांना घेऊन केल्या जाणाऱ्या नाचाला, सगळ्यात जास्त धोका कोणापासून आहे असं मला कोणी विचारलं तर मी नाक मुरडणाऱ्यांचं नाव घेणार नाही. नाक मुरडणारा माणूस निदान तो नाच बघतो तरी. बघतो, आणि मग त्याला तो आवडत नाही. खरा धोका आहे तो ‘किती गोड!’ म्हणणाऱ्यांपासून. ते बघतच नाहीत.

नातेवाईक मंडळींनी हे वाचून लगेच फोन उचलू नये. रोख तुमच्यावरच आहे, पण आधी शेवटपर्यंत वाचा, मग भांडू :)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखादी व्यावसायिक नृत्यकंपनी एखाद्या गावात येऊन राहते. त्याला म्हणतात रेसिडेन्सी. ती शाळेत, वाचनालयात, वृद्धांच्या केंद्रात, कधी तुरुंगात तर कधी कारखान्यात कार्यशाळा घेते. येणाऱ्यांना स्टेप्स शिकवत नाहीत. त्यांना प्रश्न विचारतात, गोष्टी सांगायला लावतात, जागच्या जागी हालचाली सुचवायला लावतात. हे झालं इम्प्रोव्हायझेशन. त्यातून जे हाती लागतं ते निवडून, घासूनपुसून एक नाच बांधतात आणि शेवटी गावातली माणसं आणि कंपनीचे नर्तक एकाच मंचावर तो करतात.

या कामात अमेरिकेत सगळ्यात ठळक नाव लिझ लर्मन यांचं. १९७५ साली त्यांची आई गेली. त्या दुःखावर त्यांना नाच करायचा होता आणि त्यासाठी मंचावर म्हातारी माणसं हवी होती. तरुण नर्तकांना पांढरे विग घालून ते जमण्यातलं नव्हतं. म्हणून त्या वॉशिंग्टनमधल्या वृद्धांच्या एका निवासात शिकवायला गेल्या. तिथल्या माणसांना घेऊन त्यांनी तो नाच केला आणि १९७६ मध्ये डान्स एक्स्चेंज ही संस्था काढली. (हे नाव ऐकून माझ्या आईला वाटलं, टेलिफोन एक्स्चेंज. का, ते पुढे येईलच.) १९८६ मध्ये स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याला शंभर वर्षं झाली तेव्हा त्यांनी ‘स्टिल क्रॉसिंग’ हा नाच केला. विषय होता देशांतर, आणि त्यात वेगवेगळ्या पिढ्यांची माणसं होती. २००२ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. २०११ मध्ये त्या संस्थेतून बाहेर पडल्या, पण संस्था आजही मेरीलँडमधल्या टकोमा पार्कला चालू आहे.

या सगळ्या हकिगतीत एक गोष्ट नीट बघा. लर्मनबाई वृद्धांचं मनोरंजन करायला गेल्या नव्हत्या. त्यांना एक नाच करायचा होता आणि तो त्या माणसांशिवाय होणार नव्हता. गरज कलेची होती. म्हाताऱ्यांवर उपकार करायचे म्हणून कोणी तिथे गेलं नव्हतं. माझा सगळा वाद या एका मुद्द्यावर उभा आहे.

दुसरं उदाहरण जास्त मोठं आहे. न्यू हॅम्पशायरमधलं पोर्ट्समथ हे बंदराचं गाव. नदीपलीकडे नौदलाची गोदी, १८०० सालापासूनची. तिथे अणुपाणबुड्यांची दुरुस्ती चालते. याच गोदीत बांधलेली ‘थ्रेशर’ ही पाणबुडी १० एप्रिल १९६३ ला १२९ माणसांसह समुद्राच्या तळाशी गेली. नव्वदच्या दशकात शीतयुद्ध संपलं आणि देशभरातले लष्करी तळ बंद व्हायला लागले. ही गोदीही जाते की काय अशी टांगती तलवार गावावर होती. गावात गोदीवर पोट असलेले होते, गोदीचा अभिमान असलेले होते आणि गोदीतल्या अणुऊर्जेची धास्ती घेतलेलेही होते. एकमेकांशी मोकळेपणाने बोलणारे मात्र फार नव्हते. तिथल्या ‘म्युझिक हॉल’ या नाट्यगृहाने लर्मन यांच्या कंपनीला बोलावलं. १९९४ ते १९९६ अशी दोन वर्षं नर्तक तिथे येत-जात राहिले. कामगार, त्यांची कुटुंबं, गावकरी यांच्या गोष्टी गोळा झाल्या, त्या गोष्टी सांगताना होणारे हातवारे गोळा झाले आणि सप्टेंबर १९९६ मध्ये आठवडाभर त्याचे प्रयोग झाले.

आता मला सांगा, अणुपाणबुडी दुरुस्त करणारा माणूस आपल्या कामाचा नाच करतो, याला तुम्ही ‘गोड’ म्हणाल? नाही ना? मग शहात्तर वर्षांच्या बाईने केला की तोच नाच गोड कसा होतो?

तर मंडळी, आता घरचं उदाहरण. आई सहा महिन्यांसाठी इकडे न्यू जर्सीला आली होती. वय ७६. आमच्या गावच्या वाचनालयात एका छोट्या नृत्यकंपनीने सहा आठवड्यांची कार्यशाळा ठेवली होती, दर मंगळवारी सकाळी. ‘नुसतं बसून काय करतेस, चल’ असं म्हणून मी तिला नेलं. चौदा जण होते, सगळे साठीच्या पुढचे. मी सोबत म्हणून कोपऱ्यात बसून सगळे मंगळवार पाहिले, त्यामुळे हे ऐकीव नाही.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, ‘तुमच्या हातांनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा काय केलंय?’ एका निवृत्त बस ड्रायव्हरने भलंमोठं चाक फिरवलं. एका बाईंनी सुईत दोरा ओवला. आईने दोन्ही हात पुढे केले, उजव्या हाताने काहीतरी उचलून समोर खोचलं, डाव्या हाताने एक कळ दाबली आणि मान किंचित कलती करून थांबली. आई १९७२ पासून पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. त्या बोर्डावर दोऱ्या उचलून भोकात खोचण्यात तिची उमेदीची वर्षं गेली.

मुलीने विचारलं, ‘आणि कॉल लागला नाही तर?’

आईचा हात तसाच वर राहिला. बराच वेळ. मग ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली की लाइटनिंग कॉल असला की आम्हाला आधीच कळायचं, कोणाकडे तरी काहीतरी झालंय. पण आपण बोलायचं नसतं. आपण फक्त लाइन लागायची वाट बघायची.

पुढच्या पाच आठवड्यांत तो वर राहिलेला हात त्या नाचाचा गाभा झाला. चाक, सुईदोरा, कळ असं सगळं एकामागून एक येतं आणि मग चौदा हात एकदम वर थांबतात. संगीत बंद. किती वेळ थांबायचं याची मोजणी ठरलेली नव्हती. कोणीतरी एक जण हात खाली आणणार, कोण ते आधी ठरलेलं नाही, आणि मग बाकीच्यांनी आणायचा. म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्या तेरा जणांकडे कान लावून उभं राहायचं. शेवटच्या मंगळवारी प्रयोगात ती शांतता इतकी लांबली की माझ्या शेजारच्या बाईंनी माझा हात धरला. त्यांची माझी ओळखही नव्हती.

मी याचा व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. एकोणीस उत्तरं आली. ‘किती गोड!’, ‘सो स्वीट’, ‘काकू, कसल्या गोड दिसताय!’, नाशिकच्या मावशीकडून ‘या वयातही उत्साह बघा’ आणि तीन नुसतेच बदाम. तो हात वर का थांबलाय, हे एकानेही विचारलं नाही.

मला वाईट वाटलं ते याचं. ‘गोड’ हा शब्द आपण कोणासाठी वापरतो? बाळासाठी, मांजराच्या पिल्लासाठी. ज्याच्याकडे आपल्याला सांगण्यासारखं काही असेल अशी आपली अपेक्षाच नसते, त्याच्यासाठी. बिरजू महाराजांचं कथक बघून कोणी ‘किती गोड’ म्हणून उठलं असेल असं मला वाटत नाही. ‘गोड’ म्हणजे कौतुक खरं, पण वरून खाली टाकलेलं. समोरच्याने जे सांगितलं ते ऐकायची जबाबदारी त्यातून परस्पर टळते.

आता विरुद्ध बाजू. आमच्या घरात एक मामेबहीण भरतनाट्यम शिकलेली आहे, अरंगेत्रम झालेली. तिने बदाम टाकला नाही. तिने मला वेगळा मेसेज केला: ‘आम्ही बारा वर्षं अडवू घालून गुडघे झिजवले ते कशासाठी? मनाला येईल तसे हात हलवले की नाच होतो का?’ ताई, तुझा मेसेज मला एकोणिसांपेक्षा जास्त आवडला. तू निदान नाच म्हणून बघितलंस आणि नाच म्हणून नाकारलंस. त्याला उत्तर देता येतं.

पहिलं म्हणजे, इम्प्रोव्हायझेशन म्हणजे मनाला येईल ते नव्हे. हे आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकवायची गरज नाही. कथकमध्ये उपज असते, गाण्यात आलाप असतो. ताल आणि राग घट्ट धरून ठेवलेला असतो म्हणूनच त्यात मोकळं फिरता येतं. स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन सुरू केलं तेव्हा स्टेप्स काढून टाकल्या, नियम नाही. दोन शरीरांचा स्पर्श आणि वजनाची देवाणघेवाण याकडे सतत लक्ष ठेवायचं, हा तो नियम. लक्ष सुटलं की माणूस आपटतो. आईच्या गटाचा नियम होता, तेरा जणांकडे कान ठेवायचा. अट साधी आहे, सोपी नाही. पहिल्या तीन मंगळवारी ते कोणालाही जमलं नव्हतं. कोणीतरी घाईने हात खाली आणायचं आणि सगळं विस्कटायचं.

दुसरं म्हणजे, तुझी बारा वर्षं वाया गेली असं यात कोणीच म्हणत नाही. उलट अशा कामात तयार नर्तक लागतोच. चौदा माणसांनी चौदा हालचाली केल्या, त्यातली कोणती ठेवायची, कोणती सोडायची, कोणती कोणाच्या मागे लावायची, कुठे थांबायचं, हे त्या मुलीला दिसलं ते तिच्या अंगात वर्षानुवर्षांची तालीम होती म्हणून. लर्मन यांच्या कंपनीत याला रीतसर पद्धत आहे. प्रश्न विचारायचा, उत्तर देताना माणसाचे हात नकळत काय करतात ते टिपायचं, तो हातवारा सगळ्यांनी शिकायचा आणि एकेक जोडत ओळ बांधायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. करून बघ.

तिसरं, आणि हे मी ताईच्या बाजूने बोलते आहे: अशा कार्यशाळांतून होणारे पुष्कळ नाच वाईट असतात. ढिले, लांबलेले, रडवायचं ठरवूनच केलेले. मी असेही पाहिले आहेत. मग त्यांना वाईट म्हणा ना! पण ‘गोड’ची सवय लागली की वाईट म्हणायची सोयच राहत नाही आणि मग चांगलंही म्हणता येत नाही. चांगलं आणि वाईट दोन्ही एकाच साखरेत बुडतात. लर्मन यांनी प्रतिक्रिया देण्याची एक चार पायऱ्यांची पद्धत बसवली आहे. आधी बघणाऱ्याने सांगायचं की त्याच्या मनाला काय भिडलं. मग करणाऱ्याने प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्याने विचारायचे, पण त्या प्रश्नात आपलं मत न दडवता. आणि शेवटी, करणाऱ्याची परवानगी घेऊन, मत. या चारांत ‘गोड’ला जागा नाही, तसंच ‘हॅ, हा काय नाच’ यालाही नाही.

‘ऱ्हिदम इज इट!’ नावाची २००४ सालची जर्मन डॉक्युमेंटरी मिळाली तर जरूर बघा. बर्लिनमधली अडीचशे शाळकरी मुलं, त्यातली बरीचशी स्थलांतरितांची. बर्लिन फिलहार्मोनिक वाजवणार स्ट्राविन्स्कीचं ‘राइट ऑफ स्प्रिंग’, सायमन रॅटल संचालक, आणि नाच बसवणारे रॉयस्टन माल्डूम. माल्डूम मुलांना गोंजारत नाहीत. गप्प उभं राहा, लक्ष दे, परत कर. मुलांचे शिक्षक काळजीत पडतात की हे जरा जास्तच होतंय. माल्डूम काही ऐकत नाहीत. त्यांच्या लेखी ही मुलं नर्तक आहेत आणि नर्तकाकडून जे मागायचं ते मागितलंच पाहिजे. मला यातला आदर दिसतो. मुलांना ‘झेपणार नाही’ म्हणणाऱ्या शिक्षकांच्या मायेत मला तो दिसला नाही.

‘गोड’चं एक जुळं भावंड आहे, त्याच्याबद्दलही बोलायला हवं. ते म्हणजे ‘फायदा’. आमच्या वाचनालयातल्या कार्यशाळेचे पैसे पुढच्या वर्षी द्यायचे की नाहीत हे एक स्थानिक समिती ठरवणार आहे. तिचा फॉर्म मी पाहिला. सहभागी व्यक्तींचा तोल सुधारला का? रक्तदाब? एकटेपणा कमी झाला का, एक ते पाच आकड्यांत सांगा. नाच कसा झाला, हा प्रश्न अख्ख्या फॉर्ममध्ये नाही! आणि कंपन्या तरी काय करणार? पैसे हवे असतात, त्या भरून देतात. हळूहळू आपण औषध विकतो आहोत असं त्यांनाही वाटायला लागतं.

फायदा होत नाही असं माझं म्हणणं नाही. होतोच. ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांची कंपनी २००१ पासून पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नाचाचे वर्ग घेते. तो प्रयोग पुढे कितीतरी देशांत गेला. आपल्या पुण्यातही हृषीकेश पवार यांनी असे वर्ग चालवले. पण ब्रुकलिनवाल्यांचा पहिल्यापासून आग्रह आहे की हा नाचाचा वर्ग आहे, उपचार नव्हे. येणारा माणूस दाराच्या आत पेशंट नाही, नर्तक आहे. मला वाटतं, त्याला बरं वाटत असेल तर ते याचमुळे. दिवसभर सगळे त्याच्याकडे आजार म्हणून बघतात, आणि इथे तास-सव्वा तास कोणीतरी म्हणतं, हात आणखी लांब ने, तो खांद्यातून नाही, पाठीतून येऊ दे.

शिवाय फायद्याचा हिशोब दुधारी असतो. उद्या खुर्चीतल्या व्यायामाच्या व्हिडिओने तोल जास्त सुधारतो असं निघालं तर? स्वस्तही पडेल. मग नाच बंद? ‘फायद्यासाठी’ म्हणून जे मागितलं, ते फायद्याच्या नावाखालीच काढून घेता येतं. २ मे २०२५ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या कितीतरी कलासंस्थांना नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सची ई-मेल आली की तुमचं मंजूर झालेलं अनुदान रद्द. १९६५ पासून चालत आलेली ही संस्थाच बंद करण्याचा प्रस्ताव सरकारने त्याच दिवशी मांडला होता. अशा वेळी ‘आमच्यामुळे रक्तदाब उतरतो’ हा बचाव फार पुरत नाही. ‘हे आमच्या गावाचं काम आहे, हे आम्हाला बघायचं आहे’ असं म्हणणारे लोक लागतात. आणि ‘किती गोड’ म्हणून पुढच्या मेसेजकडे गेलेली माणसं अशा वेळी सापडत नाहीत.

कंपन्यांनाही मी सोडणार नाही. पाच दिवसांची रेसिडेन्सी ही काय भानगड आहे? सोमवारी यायचं, शुक्रवारी हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो काढायचे, शनिवारी विमान. पोर्ट्समथला दोन वर्षं लागली ती काय हौस म्हणून? पहिल्या भेटीत माणसं जे सांगतात ते पाहुण्यांना सांगायचं असतं. आतलं यायला वेळ लागतो. माझ्या आईचा हात पहिल्या दिवशी वर गेला खरा, पण तो का थांबला हे तिने पूर्ण सांगितलं ते पाचव्या आठवड्यात, आणि तेही घरी येताना गाडीत. एका रात्री तिने जोडून दिलेला कॉल तिच्या स्वतःच्याच मैत्रिणीच्या घरचा होता. निरोप काय आहे ते तिला कळलं होतं. ‘हॅलो, बोला’ म्हणून ती लाइनवरून बाजूला झाली. नियमच होता तसा. पन्नास वर्षांत हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

हे सांगायला तिला एक नाच लागला. आणि तुम्ही म्हणता, गोड.

असो. समितीला पाठिंब्याचं पत्र या महिनाअखेर द्यायचं आहे. मी ते लिहायला घेतलं आहे आणि त्यात रक्तदाबाबद्दल एक अक्षर नसेल. त्यात मी लिहिणार आहे की सहाव्या मंगळवारी आमच्या वाचनालयात एक चांगला नाच झाला, मधला भाग थोडा लांबला, बस ड्रायव्हरच्या चाकाला आणखी वेळ द्यायला हवा होता, आणि मला पुढचा बघायचा आहे. पैसे मिळतील की नाही, ठाऊक नाही. पण मागायचे तर नाचासाठीच मागायचे, हे माझं ठरलं आहे.

भांडायला या. ताई, तू आधी.